पाण्यातलं मेण, भिंतीवरची सावली

श्रोतेहो, नमस्कार.

मेणबत्ती तुमच्याही घरात असेलच. देव्हाऱ्याच्या खणात, नाहीतर फ्रिजवर काडेपेटीच्या शेजारी. आज त्या मेणबत्तीला भविष्य विचारणाऱ्यांविषयी बोलूया.

हल्ली मोबाइलवर रंगीत मेणबत्त्यांचे तोडगे फार फिरतात. प्रेमासाठी लाल, पैशासाठी हिरवी. टाचणीनं अंगावर नाव कोरायचं, तेल चोळायचं आणि जळताना ओघळ कुठल्या बाजूनं उतरतो ते बघायचं. आता वारा ज्योत जिकडं वाकवतो, तिकडची कड आधी वितळते. ओघळ तिथूनच सुटतो. वरचा पंखा बंद करून बघा, नशीब लगेच बदलतं.

पण हसायचं तर आधी आपल्याच घरात हसावं लागेल. समईच्या वातीवर काजळीचं फूल धरलं की आजी म्हणायची, पाहुणा येतोय. दृष्ट काढलेली तुरटी इस्तवावर टाकली की सगळ्या बायका त्या फुगलेल्या खड्यात कुणाचं तरी तोंड शोधायच्या. तुरटीच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते उकळून बाहेर पडतं, म्हणून खडा फुगतो. पाणी बाहेर पडतं, म्हणून फुगतो. शेजारणीचा त्यात काही हात नसतो.

आता माझी गोष्ट. मी सहावीत होतो, बेळगावच्या शहापुरात राहायचो. धाकटे काका बोटीवर नोकरीला. ते रजेवर आले ते पोलंडच्या बंदरात पाहिलेला एक खेळ घेऊनच. तिकडं 29 नोव्हेंबरच्या रात्री, संत आंद्रेयांच्या सणाच्या आदल्या रात्री, लग्नाच्या मुली वितळलेलं मेण किल्लीच्या भोकातून गार पाण्यात ओततात. थिजलेला तुकडा उचलून दिव्यापुढं धरतात आणि भिंतीवरच्या सावलीत होणारा नवरा बघतात.

आणि आमच्या आत्याला तेव्हा तीन स्थळं आलेली. निपाणीचं, कोल्हापूरचं आणि कारवारचं.

रात्री वीज गेली. (इन्व्हर्टर आल्यापासून वीज गेल्यावर घरातली माणसं एका खोलीत बसेनाशी झाली. हे माझं जुनं रडगाणं आहे, तुम्हाला पाठ असेल.) काकांनी दरवाजाच्या कुलपाची वीतभर किल्ली काढली, आईनं परातीत रांजणातलं पाणी ओतलं. आत्यानं पळीतलं मेण सोडलं. चर्र झालं. काकांनी तुकडा चिमटीत धरून कंदिलापुढं नेला.

"काय दिसालंय?"

वडील लगेच म्हणाले, "तंबाखूचं पान. निपाणी." निपाणीचं स्थळ त्यांच्याच दोस्तानं आणलेलं.

आजी म्हणाली, "होडी हाय ती, होडी. कारवार." आजीचं माहेर तिकडचं.

आई दबकत म्हणाली, "मला तर पायताण वाटतंय. कोल्हापूर."

"पायताण म्हणजे कोल्हापूरच कशाला?" वडील उसळले. "अथणीत होत नाहीत काय पायताणं?" आणि ते खरंच आहे हो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, अथणी त्यातलीच. नाव मात्र एकट्या कोल्हापूरचं. असो.

काकांनी तुकडा जरा फिरवला, तर होडी उलटली आणि पानाचा देठ गेला. मग कुठली बाजू खरी, यावर अर्धा तास वाद. आजी रुसून आत गेली. किल्लीच्या दात्यांत मेण बसलं होतं, सकाळी कुलूप उघडेना. तिन्ही स्थळं पुढं या ना त्या कारणानं बारगळली.

मेण असं का थिजतं? गरम मेण गार पाण्याला लागलं की बाहेरचा थर क्षणात घट्ट होतो, आतलं अजून पातळच असतं. ते वाट मिळेल तिकडं पसरतं. बाहेरून घट्ट, आतून पातळ, म्हणून वेडंवाकडं. शिवाय मेण पाण्याहून हलकं, ते तरंगत पसरतं. एवढंच.

एक सांगून ठेवतो. असा खेळ घरात करा, पण मेण बघून पैसे मागणाऱ्याला उंबरा ओलांडू देऊ नका. अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा 2013 चा आणि कर्नाटकचा 2017 चा, तो 2020 पासून लागू. दोन्ही राज्यांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झालं, त्यातली ही एक.

आत्या आता खानापुरात असते. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, "आत्या, सगळ्यांनी काय काय बघितलं. तुला काय दिसलं होतं गं?"

ती करंज्यांची कड मुडपत होती. म्हणाली, "मी कशाला भिंतीकडं बघतेय? मी माझ्या हाताकडं बघत होते. ओतताना कापत होता की. म्हणून तर ते तसं पसरलं. तिघांतला एक पण नको होता मला."

नमस्कार.