रानात भरलेली वादसभा

नमस्कार मंडळी. आज विषय आहे बायकांच्या मताधिकाराचा, पण घाबरू नका, निवडणुका आणि कायदे असलं काही फार सांगणार नाहीये, मला आपली एक गोष्ट सांगायचीय जी मी कुणी विचारो न विचारो सांगतच असते.

गोष्ट अमेरिकेतली, ओहायो राज्यातल्या ओबरलिन कॉलेजची, 1846 च्या आसपासची. कॉलेज त्या काळाच्या मानाने फारच पुढारलेलं. काळ्या विद्यार्थ्यांना घेणारं, मुलींना घेणारं, 1841 साली तिथे तिघीजणी बी.ए. सुद्धा झाल्या. आता यातली मेख ऐका. मुलींना शिकायला परवानगी, बोलायला नाही. परत सांगते, शिकायला परवानगी, बोलायला नाही.

तिथे लूसी स्टोन नावाची मुलगी होती, मुलगी कसली, कॉलेजात आली तेव्हाच पंचविशीची. वडील पैसे देईनात म्हणून सोळाव्या वर्षापासून शाळेत शिकवून तिने नऊ वर्षं पैसे साठवले होते, आणि कॉलेजातही तासाला 3 सेंटवर घरकाम करायची. तिची मैत्रीण अँटोनेट ब्राऊन, सात वर्षांनी धाकटी. दोघी वक्तृत्वाच्या वर्गात. वक्तृत्वाच्या हं! आणि तिथे मुलं वादविवाद करणार, मुलींनी गप्प बसून ऐकायचं. म्हणजे पोहण्याच्या क्लासला जाऊन काठावर बसण्यातला प्रकार. (आपल्याकडे आता उलटं झालंय, वक्तृत्व स्पर्धेत पोरं बोलतात खूप पण भाषण आईने लिहिलेलं आणि हातवारे क्लासवाल्या सरांचे, मी परीक्षक म्हणून जाणं सोडलं ते यामुळेच. असो.)

तर या दोघी सरांच्या मागे लागल्या, आम्हालाही बोलू द्या. सर भले होते, हो म्हणाले. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि असा काही वाद रंगला की बातमी गावभर. लगेच बंदी! प्राध्यापकांच्या बायकांचं एक मंडळ मुलींच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं, त्यांनाही हे पसंत पडलं नाही. बायबलात म्हटलंय बायकांनी सभेत मौन पाळावं, झालं, विषय संपला.

पण विषय कसला संपतोय. पोरींनी गुपचूप स्वतःची वादसभा काढली. उन्हाळ्यात रानात जमायच्या, एक जण पहाऱ्याला उभी, कुणी येतंय का बघायला, आणि बाकीच्या झाडाखाली भाषणं ठोकतायत. थंडी पडल्यावर पंचाईत. मग गावाबाहेर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काळ्या बाईला विचारलं, तुमच्या घरी जमू का? म्हातारीला आधी संशय, वादसभेच्या नावाखाली पोरं-पोरी भेटायचा बेत दिसतोय! मग कळलं सगळ्या मुलीच आहेत, तेव्हा म्हणाली या. तिथेही घोळक्याने गेल्या तर लोक बघणार, म्हणून एकेक दोनदोन करून जायच्या. मला यातली ती म्हातारी फार आवडते. तिच्या काळजीची जात आपल्या चाळीतल्या आज्यांसारखीच, पण एकदा खात्री पटली की दार उघडं.

मराठीत बरं आहे, मत म्हणजे विचारही आणि व्होटही, शब्द एकच. या मुलींचं नेमकं तसंच झालं, आधी पहिलं मत मांडायला शिकल्या, दुसरं मागायला नंतर लागल्या.

1847 ला लूसीची पदवी. समारंभात निबंध लिहायचा तिने, वाचणार पुरुष प्राध्यापक. ती म्हणाली मग लिहीतच नाही. नाहीच लिहिला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी बायकांच्या हक्कांसाठी परिषद झाली, तिथल्या ठरावांत मताधिकाराचाच ठराव तेवढा एकमताने पास झाला नाही, बायकांनाही तो जरा जास्तच वाटला. लूसी मात्र गावोगाव भाषणं देत फिरत राहिली.

आणि गंमत, दोघी मैत्रिणींनी दोन सख्ख्या भावांशी लग्न केलं, 1855 आणि 1856 ला, म्हणजे झाल्या जावा! त्यातही अँटोनेटचा नवरा मोठा भाऊ, म्हणजे वयाने धाकटी ती थोरली जाऊ. लूसीने मात्र लग्नानंतरही स्टोन हेच आडनाव ठेवलं. तेच नडलं. 1879 ला मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना फक्त शाळा समितीच्या निवडणुकीत मत मिळालं, ही नाव नोंदवायला गेली, तर म्हणे नवऱ्याचं आडनाव लावा. नाही लावलं. नाव यादीतून काढलं.

1883 ला ओबरलिनचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा भाषणाला बोलावलं कुणाला? लूसीलाच. यावेळी वाचायला प्राध्यापक लागले नाहीत. 1893 ला ती गेली, मत न देताच.

थोरली जाऊबाई मात्र टिकली. 1920 साली देशभर बायकांना मत मिळालं तेव्हा अँटोनेट 95 वर्षांची होती. गेली आणि मत देऊन आली.