भाचा दुसऱ्याच दिवशी कोर्टात

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय भारदस्त आहे: आफ्रिकी देशांतले जमिनीचे हक्क आणि दारिद्र्यनिर्मूलन. आता आफ्रिकेत चोपन्न देश. आपल्याकडचे पुष्कळ विद्वान ‘आफ्रिकेत असं असतं, आफ्रिकेत तसं असतं’ म्हणत चोपन्न देश एका वाक्यात गुंडाळतात, आणि मला ते ऐकवत नाही. म्हणून मी आज टांझानियातला एकच खटला सांगणार आहे. जाता जाता रवांडाकडे बघू.

आधी मुद्दा सांगते, म्हणजे गोष्टीच्या नादात तो निसटायला नको. सहाराच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच देशांत खेड्यातल्या जमिनी वहिवाटीवर चालतात. बांध कुठला, कोणाचा, हे शेजाऱ्याला माहीत असतं, गावच्या जुन्याजाणत्यांना माहीत असतं; पण आपल्या सातबाऱ्यासारखा कागद बहुतेकांकडे नसतो. आणि शेतात राबणारी बाई असली, तरी जमीन मोजली जाते तिच्या नवऱ्याची नाहीतर भावकीची. राबणारी एक, हक्क दुसऱ्याचा. हे लक्षात ठेवा. राबणारी एक, हक्क दुसऱ्याचा.

तर गोष्ट अशी. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर टांझानियाचा कागेरा प्रांत आहे. तिथे हाया लोक राहतात. घराभोवती केळीची बाग आणि केळीच्या सावलीत कॉफीची झुडपं. या घरवाडीला ते ‘किबांजा’ म्हणतात. पिढ्यान् पिढ्या शेणखत आणि गवताचं आच्छादन घालून ही माती कसदार केलेली असते. हिरवी केळी शिजवून खाणं हे तिथलं रोजचं जेवण. आपण मात्र कच्च्या केळ्याला वेफर्सपलीकडे विचारत नाही. कोकणातल्या कोणी काप आणि भाजीची आठवण करून दिली तर मान्य, पण घाटावर काय?

असो. या मुलखात होलारिया पास्टोरी नावाची एक बाई होती. वडिलांनी रीतसर मृत्युपत्र करून भावकीतली जमीन तिला दिलेली. पुढे तिचं वय झालं, हातपाय थकले, बघायला कोणी नाही. तेव्हा तिने २४ ऑगस्ट १९८८ रोजी ती जमीन विकून टाकली. किंमत तीन लाख शिलिंग. घेणारा भावकीबाहेरचा, परका.

आणि २५ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, तिच्या भाच्याने कोर्टात दावा लावला. म्हातारीला सांभाळायला कोणी सापडत नव्हतं. दाव्याला मात्र भाचा चोवीस तासांत हजर!

भाच्याचं म्हणणं काय? हाया रूढीप्रमाणे बाईला भावकीची जमीन विकताच येत नाही, सबब व्यवहार रद्द. आणि ही नुसती गावगप्प नव्हती. १९६३ साली सरकारने रूढींची जी नियमावली छापली, तिच्यातच लिहिलं होतं की बाईने अशी जमीन हयातभर कसावी, खावी, पण विकू नये. पुरुषाने भावकीला न विचारता विकली तर? तर भावकीतल्या कोणीही किंमत मोजून ती सोडवून घ्यावी. म्हणजे पुरुषाने केलेली विक्री टिकते, बाईने केलेली मुळातच बाद.

कशाशा गावच्या प्राथमिक कोर्टाने भाच्याच्या बाजूने निकाल दिला आणि आत्याबाईंना तीन लाख परत करायला सांगितले. म्हातारी गप्प बसली नाही. मुलेबाच्या जिल्हा कोर्टात अपिलात गेली आणि जिंकली. मग भाचा म्वांझाच्या उच्च न्यायालयात गेला. तिथे न्यायमूर्ती म्वालुसान्या. टांझानियाच्या राज्यघटनेत मूलभूत हक्क आले १९८४ साली, पण त्यांचा आधार कोर्टात घेता येऊ लागला तो मार्च १९८८ पासून. आत्याबाईंनी जमीन विकली ऑगस्टमध्ये. वेळ कशी जुळून आली बघा!

२२ फेब्रुवारी १९९० ला निकाल लागला. हा निकाल मुद्दाम वाचावा, कारण आपण स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलतो आहोत हे न्यायमूर्ती पहिल्याच ओळीत सांगून टाकतात. नाहीतर कोर्टाचे निकाल! शेवटच्या पानापर्यंत जिंकलं कोण तेच कळत नाही. म्वालुसान्यांनी ठरवलं, इथून पुढे हाया बाईलाही पुरुषाइतकाच विकण्याचा हक्क. आणि भाच्याला सांगितलं, भावकीची जमीन भावकीत हवी ना? मग सहा महिन्यांच्या आत तीन लाख शिलिंग मोज आणि सोडव. म्हणजे पुरुषाने विकल्यावर जो नियम लागायचा, तोच आत्याच्या विक्रीलाही लागला. एवढंच, की फुकट मिळणार नाही.

हक्कसोडपत्रावर सही करून भावाघरून साडी घेऊन आलेल्या ताई-माई हे ऐकत असतील, तर त्यांना वेगळं काही सांगायला नको.

याचा गरिबीशी संबंध काय? कॉफीचं रोप लावलं की पीक हातात यायला तीन-चार वर्षं जातात. उद्या दीर हाकलून देईल अशी धास्ती असली तर बाई रोप लावेल कशाला? ती भुईमूग पेरेल, मका पेरेल, हंगाम काढेल. राबणारी एक आणि हक्क दुसऱ्याचा असला की जमिनीत पैसा आणि कष्ट घालायला कोणी धजत नाही.

पुढे १९९९ च्या जमीन कायद्यांनी टांझानियात स्त्रीपुरुषांना सारखा हक्क दिला. पण वारसाची ती १९६३ ची नियमावली तशीच राहिली. शिन्यांगा भागातल्या दोन विधवांना सासरच्यांनी घराबाहेर काढलं, त्या कोर्टात गेल्या. २००६ साली उच्च न्यायालय म्हणालं, रूढी पक्षपाती आहे खरी, पण ती रद्द करायला लागलो तर थांबायचं कुठे? अखेर प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक समितीपर्यंत गेलं, आणि २०१५ मध्ये समितीने टांझानियालाच दोषी धरलं.

शेजारच्या रवांडाने उलट बाजूने सुरुवात केली. १९९९ मध्ये कायद्याने मुलींना मुलांइतका वारसा दिला आणि २००९ पासून सगळा देश मोजायला काढला. विमानातून काढलेली छायाचित्रं मोठ्या कागदावर छापली, गावातल्याच पोरांना शिकवून तयार केलं. शेजारी समोर उभे करून बांध चालत जायचा आणि फोटोवर पेनाने रेघ मारायची. चारेक वर्षांत एक कोटीहून जास्त तुकडे नोंदवले. नंतरच्या पाहण्यांत दिसलं की लोक आपल्या शेतात बांधबंदिस्ती जास्त करू लागले, बायकासुद्धा. कागद आला की बँका दारात येतील अशीही हवा होती; तसं फारसं कुठे घडलं नाही. मला त्याचं दुःख नाही, कारण कर्ज मिळालं म्हणजे भलं झालं हे मला कधी पटलेलं नाही.

पण रवांडातही एक मेख राहिलीच. नवऱ्याबरोबर कागदावर नाव लागायला लग्नाची सरकारी नोंद लागते. नुसत्या रीतीरिवाजाने लग्न झालेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं त्याच शेतात राबतात, आणि उताऱ्यावर नाव एकट्या नवऱ्याचं. शिवाय नंतर विक्री झाली, वाटणी झाली, तर फेरफाराची फी बरीच वर्षं ठोक होती, तुकडा गुंठाभराचा असो की मोठा. मग लोक चिठ्ठीवर व्यवहार उरकायचे आणि रजिस्टर मागे पडायचं.

नमस्कार.