आधी झाडाचं नाव, मग कुऱ्हाड

बंगल्याच्या मागे, कुंपणाच्या कडेला किंवा पाण्याच्या टाकीजवळ कुणी न लावलेलं एक झाड दोन-तीन वर्षांत छतापर्यंत पोचतं. मग दोन प्रश्न येतात: हे कसलं झाड आणि ते ठेवायचं का? पुण्यात आणि एकूणच देशावरच्या शहरांत असं झाड बरेचदा सुबाभूळ निघतं, म्हणून आज तेच उदाहरण घेऊ. पण पाहण्याची रीत कुठल्याही झाडाला चालेल.

सुरुवात पानापासून करा, पण आधी पान कशाला म्हणायचं ते ठरवा. जिथे देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक बारीक कळी असते. ज्याच्या बुडाशी ती कळी आहे, ते एक पूर्ण पान. कळी नसेल, तर हातात आहे ती पर्णिका, म्हणजे पानाचा तुकडा. बहुतेकांची ओळख इथेच चुकते, कारण बोटाएवढ्या पर्णिकेला पान समजून पुढचं सगळं वर्णन जुळवलं जातं.

सुबाभळीचं पान दोनदा विभागलेलं असतं. मधल्या दांड्याला चार ते नऊ उपदांड्यांच्या जोड्या आणि प्रत्येक उपदांड्यावर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या पर्णिकांच्या दहा-वीस जोड्या. सर्वांत खालच्या उपदांड्यांपाशी मुख्य दांड्यावर मसूर चिकटवल्यासारखी एक छोटी ग्रंथी दिसते. काटे कुठेही नाहीत, म्हणजे बाभूळ आणि खैर बाद. फूल म्हणजे पांढरट गोंडा. त्या एका गोंड्यातून चपट्या, पातळ, वीतभर शेंगांचा घोसच्या घोस लटकतो आणि शेंगांवरून आतल्या बियांचे उंचवटे दिसतात.

नात्यातली आणि दिसायला जवळची झाडं वेगळी करणं आवश्यक आहे, कारण त्यांतली काही राखण्याजोगी असतात. शिरीषाचं पानही दोनदा विभागलेलं, पण उपदांड्यांच्या जोड्या दोन-चारच आणि पर्णिका अंगठ्याच्या पेराहून मोठ्या. त्याच्या वाळल्या गवताच्या रंगाच्या रुंद शेंगा उन्हाळ्यात वाऱ्याने खुळखुळतात. गुलमोहराची शेंग लाकडासारखी कठीण, हातभर लांब. सोनमोहराच्या कळ्या आणि शेंगा तांबूस-गंजक्या. निलमोहर ओळखायला सर्वांत सोपा: त्याची पानं फांदीवर समोरासमोर येतात, बाकीच्या सगळ्यांची एकाआड एक. उंदीरमारीचं (ग्लिरिसिडियाचं) पान मात्र एकदाच विभागलेलं असतं आणि फेब्रुवारीच्या सुमाराला निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं येतात.

फोनवरच्या ॲपची मदत जरूर घ्या, पण एका पानाचा फोटो देऊन निर्णय करू नका. पूर्ण झाड, साल, देठ फांदीला मिळतो ती जागा, पानाची खालची बाजू, फूल आणि शेंग यांचे वेगवेगळे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. हेच फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळावर टाकले, तर जाणकार नाव तपासून देतात. फूल नसेल तर हंगामाची वाट पाहावी. पक्ष्यांनी आणलेलं भोकर किंवा आपसूक उगवलेला आपटा घाईत तोडला जाणं हे मोठं नुकसान आहे.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी ती दुष्काळी भागात चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी नेली, आणि तिथे तिचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. चाऱ्यासाठी सतत छाटलेल्या झाडाला शेंगा धरायला उसंतच मिळत नाही. परसात तिला कुणी छाटत नाही. शेंगा पिकतात, तडकतात, कठीण कवचाचं बी जमिनीत अनेक वर्षं टिकून राहतं आणि दर पावसाळ्यात रोपांची गादी उगवते. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींच्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तिचं नाव आहे. परसात ती ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोडण्याआधी परवानगी. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली शहरात खासगी जागेतल्या झाडासाठीही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. परदेशी झाड आहे म्हणून सूट आपणच गृहीत धरू नये.

तोडायची तर शेंगा हिरव्या असतानाच. नुसतं खोड कापलं की बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात आणि वर्षभरात पहिल्याहून दाट झाड उभं राहतं. हे फुटवे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीतून येतात. म्हणून भोवती फूटभर खणून ती गाठ जमिनीखालून कापून काढा. भिंतीला लागून असल्यामुळे खणता येत नसेल, तर दर पंधरा दिवसांनी फुटवे कोवळे असतानाच मोडत राहा. दोन-तीन महिने सोडून दिलं की मुळांना पुन्हा अन्न मिळतं आणि आधीची मेहनत वाया जाते. रोपं पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना, सोटमुळासकट उपटावीत.

आता बदली झाड. इथे नर्सरीत पहिला प्रश्न विचारला जातो, ‘लवकर काय वाढतं?’ लवकर वाढणं हाच सुबाभळीचा गुण होता, त्यामुळे तो निकष बाजूला ठेवा. त्याऐवजी जागा मोजा: भिंत किती दूर, वरून तारा जातात का, ऊन किती तास, मार्च ते मे पाणी कोण घालणार. भिंतीपासून दोन-तीन मीटरच मिळत असतील, तर आपटा घ्या. तो लहान राहतो, मुरमाड जमिनीत तग धरतो. चार-पाच मीटर आणि भरपूर ऊन असेल तर बहावा. पाणी नियमित मिळणार असेल तर आपलं राज्यफूल, तामण. दाट सावली हवी आणि थांबायची तयारी असेल तर बकुळ. अर्धसावली आणि ओलावा असेल तर सीतेचा अशोक. वड, पिंपळ, उंबर ही मोलाची झाडं आहेत, पण त्यांची मुळं भिंतीत शिरतात. त्यांना मोकळं मैदानच हवं.

जुन्या बुंध्याच्या खड्ड्यात नवं रोप लावू नका. कुजणाऱ्या मुळांमुळे जमीन खचते आणि रोप खाली बसतं, शिवाय उरलेले फुटवे त्यालाच गाठतात. मीटर-दीड मीटर सरकून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मुरूम असेल तर खोलीपेक्षा रुंदी वाढवा. भरताना दोन भाग तीच माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. चांगला पाऊस झाला की लावा. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळं गोल फिरलेली दिसली तर ती कापा. तशीच ठेवली तर पुढे तीच मुळं खोडाला आवळतात. पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीच्या पातळीला यावी. खोड गाडलं तर ते कुजतं.

आळं खोडापासून हातभर लांब करा, त्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, पण तो खोडाला चिकटू देऊ नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी पुरतं. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात. बहाव्याची पानं पावसाळ्यात अळ्यांनी कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. ती बहुधा पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांची अळी असते आणि पालवी परत येते. आधाराची काठी सैल बांधा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाका, म्हणजे वाऱ्यात हलून खोड जाड होईल.