एक्स-रेत पांढरे ठिपके दिसले म्हणून लगेच धीर सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. मी एक्स-रे वाचणारा डॉक्टर, आणि आज ज्या हाडाच्या आजाराबद्दल बोलणारे त्याला आजार म्हणायला पण जीवावर येतं, कारण बहुतेकांना त्याचा काही त्रासच नसतो, त्रास सुरू होतो तो एक्स-रे बघितल्यावर.

नाव आहे ऑस्टिओपोइकिलोसिस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, एक्स-रेत काय दिसतं ते लक्षात ठेवा. मनगट, पंजा, पाऊल, गुडघा, खुबा, म्हणजे सांध्याजवळच्या हाडात पांढरे ठिपके, मालदांडी ज्वारीचे दाणे सांडल्यासारखे, काही त्याहून बारीक तर काही सेंटिमीटरभर मोठे. साधारण ५० हजारात एखाद्याला असतं असं म्हणतात, म्हणून कित्येक डॉक्टरांनी पण ते प्रत्यक्ष बघितलेलं नसतं.

आता आपल्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या एक मावशी घ्या. दिवसभर मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, मनगट दुखणारच की ओ! एक्स-रे काढला, त्यात ठिपकेच ठिपके. कुणीतरी म्हणालं कॅन्सर हाडात पसरलाय, आणि घरात त्या रात्री चूल पेटली नाही. मला अशा घरांसाठीच बोलायचंय.

कॅन्सर हाडात पसरतो तेव्हा तो बहुतेक वेळा मणका, बरगड्या, कमरेचं हाड असं कुठंही वेडावाकडा पसरतो, ठिपके लहानमोठे, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. आपले हे ठिपके दोन्ही हातांत, दोन्ही पायांत जवळपास सारखे असतात, मणका आणि बरगड्या शक्यतो सोडून देतात, आणि वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत. शंका असेल तर बोन स्कॅन, म्हणजे हाडात कुठं जास्त हालचाल चाललीय ते दाखवणारी तपासणी, करतात, तो या ठिपक्यांत सहसा नॉर्मल येतो. म्हणून एवढं झाल्याशिवाय हाडाचा तुकडा तपासायला काढायची घाई करू नका, डॉक्टरांना दुसऱ्या बाजूचा एक्स-रे काढायचा का असं स्वतःहून विचारा, त्यात अपमान वगैरे काही नाही.

हे येतं कुठून? विड्या, पॉवरलूम, खाणंपिणं, कशाचाच दोष नाही, बऱ्याच घरांत हे जन्मजात आणि वंशपरंपरेनं येतं. २००४ साली एलईएमडी३ नावाच्या जीनमधला, म्हणजे जनुकातला, बिघाड सापडला. हा जीन हाड आणि कातडीतला तंतू वाढवणाऱ्या सिग्नलला लगाम घालतो, लगाम सैल झाला की ठिपके. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

याच्याबरोबर काय येऊ शकतं ते पण ऐका. काहींच्या मांडीवर, पाठीवर, दंडावर लहान, न दुखणाऱ्या, कातडीच्याच रंगाच्या किंवा पिवळसर गाठी असतात. १९२८ साली बुश्के आणि ओलेनडॉर्फ यांनी असं हाड आणि कातडी दोन्हीचं एकत्र वर्णन केलं, तो सिंड्रोम त्यांच्याच नावाने ओळखतात. गंमत म्हणजे एकाच घरात एकाला फक्त गाठी, दुसऱ्याला फक्त ठिपके, असंही असतं. शंभरातल्या १५-२० जणांना सांधेदुखी किंवा थोडी सूज येते. क्वचित एखाद्याच्या एकाच हातापायाचं हाड जाड होत जाऊन सांधा आखडतो, तो वेगळा प्रकार, त्याला दाखवावंच लागतं.

ठिपक्यांवर औषध नाही, लागत पण नाही. दुखलं तर दुखण्याचं औषध, बास. पण रात्री झोपमोड करणारं दुखणं, वजन उतरणं, छातीत गाठ, लघवीचा त्रास असं काही असेल तर ठिपके आहेत म्हणून गप्प बसू नका, ठिपकेवाल्या माणसाला दुसरा आजार होत नाही असं थोडंच आहे.

एक्स-रेची फिल्म आणि रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, उद्या अपघात होऊन दवाखान्यात नेलं तर पहिल्यांदा तीच दाखवा. आणि नुसत्या उत्सुकतेपोटी लेकरांचे एक्स-रे काढत बसू नका, अंगावर तसल्या गाठी दिसल्या तर आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.