हे चुकलंय! पण ‘हे’ म्हणजे कुठलं?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ऑनलाइन गटशिक्षण आणि चॅटवरचा संवाद’. छान आहे, भारदस्त आहे, पण खरं सांगू का, माझी एकच तक्रार आहे आणि ती ऐकायला तुम्ही आपल्या पायांनी आलायत, त्यामुळे आता सुटका नाही. (हशा) चॅटवर मुलं बोलत नाहीत असं सगळे म्हणतात. अहो भरपूर बोलतात! कोण कशाबद्दल बोलतंय तेवढं कळत नाही.

एका गटाचं चॅट वाचत होते. चौघं जण, प्रश्न असा की बहुभुजाकृतीला कर्ण किती. पहिलीने लिहिलं, बाजू एन असतील तर प्रत्येक शिरोबिंदूतून एन वजा तीन निघतात, म्हणून एन गुणिले, कंसात, एन वजा तीन. दुसऱ्याच्या लक्षात आलं की प्रत्येक कर्ण दोनदा मोजला जातोय, तो टाइप करायला लागला. तोवर तिसरा षटकोनाचं उत्तर १८ टाकून मोकळा. मग दुसऱ्याचा मेसेज आला, ‘२ ने भागा’. आणि त्याच्या बरोब्बर खाली चौथीचा, ‘हे चुकलंय’. झालं! ती बिचारी १८ ला म्हणत होती. दुसऱ्याला वाटलं आपल्याला. ‘सॉरी’ म्हणून त्याने बरोबर असलेलं मागे घेतलं, तिसऱ्याने अंगठा टाकला, कशाला ते त्याचं त्यालाच माहीत, आणि पुढची सगळी चर्चा त्या १८ वर. षटकोनाला कर्ण ९ असतात, काढून बघा, आत्ता नको, घरी. समोरासमोर बसले असते तर तिने वहीवर बोट ठेवलं असतं आणि विषय संपला असता, चॅटमध्ये ते बोटच नाही.

गंमत म्हणजे १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावर शिकवणाऱ्या यंत्रणेवर टॉकोमॅटिक नावाचं चॅट होतं, त्यात प्रत्येकाचा वेगळा चौकोन आणि समोरचा टाइप करेल तसं अक्षर न् अक्षर दिसायचं. म्हणजे दुसरा काय म्हणायला निघालाय ते आधीच कळायचं. आणि आपण? ‘टायपिंग… टायपिंग…’ बघत बसायचं आणि शेवटी येतं काय, तर ‘ओके’.

काय, पाचच मिनिटं? बरं बरं, मग भरभर. क्लार्क आणि ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं की ‘तुला कळलं, मला कळलं’ हे पक्कं करायला प्रत्येक माध्यमात वेगवेगळे कष्ट पडतात. चॅटमध्ये मागचं वाचता येतं, पण मेसेज पोचतील त्या क्रमाने लागतात, अर्थाच्या क्रमाने नाही. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय कॉन्सर्टचॅट नावाच्या सॉफ्टवेअरचा, ते जर्मनीत बनलं आणि अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या व्हर्च्युअल मॅथ टीम्स, म्हणजे ऑनलाइन गटांनी गणित सोडवायच्या, प्रकल्पात वापरलं गेलं. चॅटशेजारी फळा, आणि तुमच्या मेसेजपासून आधीच्या मेसेजपर्यंत किंवा आकृतीतल्या नेमक्या जागेपर्यंत रेघ जायची. हेच ते बोट!

काही ठिकाणी ‘मला पटत नाही कारण…’ अशी तयार सुरुवात बटणावर देतात, चांगलं आहे, पण मुलं कुठलंही बटण दाबून पुढे हवं ते लिहितात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हाही प्रकार आहे, त्यात घोळ कमी होतो पण गप्पांचा जीव जातो. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर साधा रिप्लाय वापरायची सक्ती करा, गट तीन-चार जणांचाच ठेवा आणि अधूनमधून एकाला ‘आत्तापर्यंत काय ठरलं’ ते लिहायला लावा. आणि शिक्षकांनो, मध्येच ‘व्हेरी गुड’ टाकू नका, ते नेमकं कोणाला म्हटलंय हेच कळत नाही! हं, विचारा प्रश्न, माइक मागे द्या जरा.