जानेवारी 1993 नंतरची शांतता

[दृश्य: जोगेश्वरी पूर्व. चाळींमधली अरुंद गल्ली, शाळेत निघालेली मुले.]

6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्री मुंबईत हिंसाचाराला तोंड फुटले. डिसेंबरच्या लाटेनंतर शहर सावरते आहे असे काही दिवस वाटले, परंतु जानेवारी 1993 मध्ये दुसरी, अधिक योजनाबद्ध आणि अधिक क्रूर लाट आली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने नोंदवलेल्या आकड्यांनुसार या दोन महिन्यांत 900 माणसे मारली गेली. त्यांत 575 मुस्लीम होते, 275 हिंदू होते, 45 जणांची ओळख पटली नाही आणि 5 जण इतर समाजांतील होते. मृत्यू कसे झाले याचाही हिशेब आयोगाने मांडला आहे. 356 जण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले, 347 जणांना भोसकून मारण्यात आले, 91 जण जाळपोळीत आणि 80 जण जमावाच्या हल्ल्यात दगावले. उरलेल्यांत बहुतेक जण खासगी गोळीबाराचे बळी होते.

या दुसऱ्या हिशेबापाशी थांबले पाहिजे, कारण मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पोलिसांची गोळी हे होते. आयोगापुढे जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत रात्रीच्या वेळी हिंदू कुटुंबाला जाळल्याची घटना आली, तशीच 9 जानेवारी 1993 रोजी सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस पथकाने केलेल्या गोळीबाराची घटनाही आली. एका ठिकाणी शेजारावरचा विश्वास उडाला आणि दुसऱ्या ठिकाणी पोलीस ठाण्यावरचा. शांतता टिकवायची तर हे दोन्ही विश्वास पुन्हा उभारावे लागतात. गेल्या तीन दशकांत मुंबईकरांनी पहिल्यासाठी अपार कष्ट घेतले. दुसऱ्यासाठी राज्यसंस्थेने करायचे काम मात्र अर्धवट राहिले आहे, आणि या शहराच्या भवितव्याविषयीची आमची काळजी तेथूनच सुरू होते.

दंगलीच्या जखमा ओल्या असतानाच 12 मार्च 1993 रोजी मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि 257 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पुन्हा दंगल उसळेल अशी भीती घराघरांत होती, पण ती उसळली नाही.

[दृश्य: भिवंडी. यंत्रमागांचा कारखाना, धाग्यांची बंडले वाहणारी हातगाडी.]

पुढे जे काम मुंबईत उभे राहिले त्याचे बीज भिवंडीत रुजले होते. यंत्रमागांच्या या गावाने 1970 आणि 1984 मध्ये दोन भीषण दंगली सोसल्या होत्या. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली, तरीही चौदा वर्षांनी गाव पुन्हा पेटले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेले सुरेश खोपडे यांनी वेगळा मार्ग धरला. तोवरच्या शांतता समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत, आणि तणाव निर्माण झाला की तेवढ्यापुरती त्यांची बैठक भरे. खोपडे यांनी त्याऐवजी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांतील माग कामगार, दुकानदार, शिक्षक अशा सामान्य माणसांना त्यांत घेतले आणि सगळे सुरळीत चालले असतानाही त्यांना पोलिसांसमवेत नियमितपणे एकत्र बसवले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि या गावाचा पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

हा अनुभव समोर ठेवून मुंबईत निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीचे काम सुरू झाले. या कामाचे मर्म त्याच्या साधेपणात आहे. बैठकीत धर्माची चर्चा क्वचितच होते. गटार तुंबले आहे, नळाला पाणी येत नाही, रात्री गल्लीत दिवा नाही, असल्या तक्रारी घेऊन माणसे येतात आणि त्या सोडवताना एकमेकांचे चेहरे, नावे, स्वभाव ओळखीचे होतात. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांच्यात क्रिकेटचे सामने झाले. बीटवरच्या हवालदाराला वस्तीतील मुलाचे नाव माहीत असणे आणि त्या मुलाने हवालदाराशी निर्भयपणे बोलणे या गोष्टी शांत दिवसांत क्षुल्लक वाटतात. पण मूर्ती विटंबली, मशिदीवर दगड पडला अशी अफवा उठते, तेव्हा ती खरी आहे की खोटी हे पहिल्या अर्ध्या तासात कोणाला विचारायचे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मोहल्ला कमिटीतील माणसे मिरवणुकीच्या मार्गावर स्वतः उभी राहतात, दोन्ही बाजूंच्या तापलेल्या पोरांना हाताला धरून बाजूला नेतात आणि घरी परततात. त्यांच्या या कामाची नोंद कोणत्याही सरकारी आकडेवारीत होत नाही, कारण न घडलेली दंगल मोजता येत नाही.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी हेच काम वेगळ्या रीतीने केले. चार धर्मांच्या वेशातील मुलांचे ‘हम सब एक हैं’ असे पोस्टर त्यांनी तयार करवून घेतले आणि ते ठिकठिकाणी लागले. ते पाहून आज कोणाला भाबडेपणा वाटेल. ज्या वस्तीत लोकांनी एकमेकांची घरे जळताना पाहिली होती, तेथे दंगलीनंतर लगेच असे पोस्टर भिंतीवर लावायला धैर्य लागत होते, हे मात्र विसरता कामा नये.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या घेऊन, उदाहरणार्थ अलीगढ आणि कालिकत, जो अभ्यास केला त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. खेड्यात शेजारधर्म आणि रोजच्या गाठीभेटी पुरतात. मोठ्या शहरात दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना, व्यापारी मंडळे, कामगार संघ, वाचनालये असावी लागतात, कारण अफवा आणि चिथावणी यांच्यापुढे नुसती ओळख तग धरत नाही.

मुंबईची परीक्षा पुढे वारंवार झाली. 2002 मध्ये शेजारच्या गुजरातेत हिंसाचार माजला असताना मुंबई शांत राहिली. 11 जुलै 2006 रोजी संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले, आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याच गाड्यांतून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून कामाला गेले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईतील मुस्लीम संस्थांनी मारल्या गेलेल्या दहशतवाद्यांच्या दफनासाठी बडा कबरस्तानात जागा देण्यास नकार दिला. 9 नोव्हेंबर 2019 रोजी अयोध्येचा निकाल लागला, तो दिवसही शहराने शांतपणे पार पाडला. जानेवारी 2024 मध्ये मीरा रोडच्या नया नगरात तणाव उसळला तेव्हा मात्र ही घडी किती नाजूक आहे याचीही जाणीव झाली.

[दृश्य: उत्तर आयर्लंडमधील डेरी. गिल्डहॉलसमोरचा चौक.]

आता थोडा वेळ मुंबईबाहेर जाऊ. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतील संघर्षात तीन दशकांत सुमारे 3,500 माणसे मारली गेली. तेथे 30 जानेवारी 1972 रोजी डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला आणि 13 जण जागीच ठार झाले. काही आठवड्यांत उरकलेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले. कुटुंबांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि जानेवारी 1998 मध्ये लॉर्ड साव्हिल यांच्या अध्यक्षतेखाली नवी चौकशी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात, 16 फेब्रुवारी 1998 रोजी, मुंबईत न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी आपला अहवाल राज्य सरकारला सादर केला. 10 एप्रिल 1998 रोजी बेलफास्टमध्ये शांतता करार झाला.

येथून दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. साव्हिल चौकशीला बारा वर्षे लागली आणि तिच्यावर प्रचंड खर्च झाला. 15 जून 2010 रोजी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत उभे राहून तो गोळीबार असमर्थनीय असल्याचे मान्य केले आणि सरकारच्या वतीने क्षमा मागितली. डेरीच्या चौकात मोठ्या पडद्यावर ते ऐकणाऱ्या नातेवाइकांनी हात उंचावले. त्या गोळीबाराबद्दल एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नाही, हेही खरे आहे. तरीही मेलेली माणसे निरपराध होती हे राज्याच्या तोंडून ऐकायला मिळाल्याने तेथील कुटुंबांना जे मिळाले, ते मुंबईतील कुटुंबांना अजून मिळालेले नाही. तेथे पोलीस दलही पालटले. 2001 मध्ये जुन्या दलाच्या जागी नवी पोलीस सेवा आली आणि दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिक समाजातून करण्यात आली.

मुंबईत श्रीकृष्ण आयोगच मुळी जानेवारी 1996 मध्ये युती सरकारने गुंडाळला होता. त्याच वर्षी त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि मार्च 1993 च्या स्फोटांचाही त्याच्या कार्यकक्षेत समावेश करण्यात आला. अहवालात आयोगाने 31 पोलिसांवर ठपका ठेवला आणि पोलीस दलातील मुस्लीमविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. ऑगस्ट 1998 मध्ये तो विधिमंडळात मांडताना सरकारने तो एकांगी ठरवला. नंतर आलेल्या आघाडी सरकारांनी अंमलबजावणीची आश्वासने दिली, पण पुढे फारसे काही झाले नाही. दंगलीचे 1,371 गुन्हे पोलिसांनी ‘अ समरी’ करून बंद केले, म्हणजे गुन्हा घडला हे खरे, परंतु गुन्हेगार सापडत नाहीत, असे न्यायालयाला कळवून फाइल मिटवली. स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने 100 आरोपींना दोषी ठरवले. ते आवश्यकच होते. पण दंगलीत आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांनी दोन्ही प्रकरणांतील सरकारी तत्परता शेजारी ठेवून पाहिली, तर त्यांच्या मनात काय येत असेल हे ओळखणे अवघड नाही.

[दृश्य: माहीम. दर्ग्याकडे निघालेला संदल, पुढे पोलीस बँड.]

मखदूम अली माहिमी यांच्या उरुसात दर्ग्यावर पहिली चादर मुंबई पोलिसांची चढते. ही प्रथा जुनी आहे आणि आजही दर डिसेंबरला संदलासोबत खाकी वर्दीतील माणसे चालताना दिसतात. पोलीस आणि मुस्लीम समाज यांच्यात केवळ वैरच होते असे म्हणणे या शहरावर अन्याय करणारे ठरेल. जे नाते एवढे जुने आहे ते दुरुस्त होऊ शकते, अशी आमची धारणा आहे. मात्र काय बिघडले हे आधी मान्य करावे लागते.

दुसरी चिंता शहराच्या बदलत्या रचनेची आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या आणि जेथे कोकणातला मराठी कामगार आणि मदनपुऱ्यातला मोमीन विणकर एकाच भोंग्यावर कामाला जात, ती जागा हरपली. दंगलीनंतर असंख्य मुस्लीम कुटुंबे सुरक्षिततेच्या शोधात मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. मुस्लीमबहुल वस्त्यांतून काही हिंदू कुटुंबेही बाहेर पडली. आडनाव ऐकताच घर भाड्याने देणे नाकारण्याचा अनुभव या शहरात आता कोणाला नवा राहिलेला नाही. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मध्ये खऱ्याखुऱ्या भिंती आहेत. 2023 पर्यंत त्या पाडण्याचे तेथील सरकारने ठरवले होते, ती मुदत उलटली आणि भिंती उभ्याच आहेत. दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतील अशा शाळांत तेथे आजही शंभरातली दहा मुलेदेखील जात नाहीत. करार होऊन एक पिढी लोटली तरी वेगळे राहण्याची सवय मोडत नाही, हे तेथून शिकण्यासारखे आहे. मुंबईत भिंत नाही, पण सोसायटीच्या समितीत न बोलता घेतलेले निर्णय तेच काम करतात आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागणे अधिक कठीण असते.

4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दंगलीनंतर जवळपास तीस वर्षांनी, कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य अपयशी ठरले असे म्हटले. दंगलीत 168 जण बेपत्ता झाले होते. त्यांपैकी 60 जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या 108 जणांचे वारस शोधून त्यांना व्याजासह भरपाई द्यावी आणि सुप्त यादीत पडून असलेल्या 97 खटल्यांतील आरोपींचा माग काढावा, असे न्यायालयाने सांगितले आणि देखरेखीसाठी समिती नेमली. पोलिसांबाबतच्या आयोगाच्या शिफारशी अमलात आणण्याचा आदेशही सरकारला मिळाला.

1993 मध्ये जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत आणि पोलीस चौकीत बसणारे अनेक शिपाई त्यांच्याच वयाचे आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात श्रीकृष्ण अहवालाचे वाचन असावे आणि मोहल्ला कमिटीतील वयस्कर कार्यकर्त्यांनी त्यांच्यासमोर बोलावे, असे आम्हाला मनापासून वाटते. वारसांचा शोध मात्र त्याहून तातडीचा आहे. बेपत्ता माणसांच्या तक्रारींत ज्या चाळींचे पत्ते लिहिलेले आहेत, त्यांतील अनेक पुनर्विकासात पडल्या आहेत, खोल्यांचे क्रमांक नाहीसे झाले आहेत, विधवा आणि आईवडील मुंब्र्याला, गावाकडे किंवा उत्तर प्रदेशात परतले आहेत, आणि त्यांना ओळखणारे शेजारी दरवर्षी कमी होत आहेत.