तळ कुणाचा? सिक्लिड आणि कॅटफिश एका टँकमध्ये ठेवताना

नमस्कार मंडळी. सुरुवात टँकपासून नको, तळ्यापासून करूया. इथं बसलेल्यांपैकी चिलापी बहुतेकांनी खाल्ली असणार, शिंगटा पण खाल्ला असणार. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि आता तळं म्हणू नका धरण म्हणू नका, सगळीकडं हाय. ती सिक्लिड. आणि मिशावाला शिंगटा हा कॅटफिश. म्हणजे आज ज्या दोन घराण्यांबद्दल बोलायचंय ती आपल्याला काय परकी नाहीत. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मागं सरकलं की काठाच्या चिखलात गोल गोल खड्डे दिसतात बघा, ते चिलापीच्या नरानं तोंडानं माती उपसून केलेले असतात. तिथं तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेते आणि निघून जाते, नर आपला खड्डा धरून बसतो.

हा खड्डा डोक्यात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच हाय.

मला लोक विचारतात, शांत कॅटफिश आणि तापट सिक्लिड एकत्र चालतील का. मी उलटं विचारतो, तुमच्या टँकचा तळ कुणाचा? कारण बहुतेक सिक्लिडचं भांडण हे जागेसाठी असतं, आणि ती जागा म्हणजे तळावरचा एखादा दगड, एखादी कपार, वाळूतला एखादा खड्डा. आणि कॅटफिश राहतो कुठं? तळावरच. वरच्या पाण्यात पोहणारा मासा सिक्लिडच्या समोरून निघून जातो, कॅटफिशला जायला दुसरी जागाच नसते. म्हणून निव्वळ स्वभाव बघून जोड्या लावल्या की फसगत होते.

एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, सिक्लिड तसंच करतो. टँकमध्ये आधी आलेल्यानं रुमाल टाकलेला असतो आणि मागून आलेला कॅटफिश नेमका त्याच सीटवर जाऊन बसतो. म्हणून नवीन मासा सोडायच्या दिवशी दगड, लाकूड, कुंड्या सगळ्या उचलून नव्यानं मांडा. सगळ्यांचे रुमाल एकदम उडतात, आणि नव्या-जुन्या सगळ्यांना जागा परत शोधायला लागते. लाइट बंद करून सोडा, म्हणजे रात्रीत कॅटफिशला एखादी कपार सापडते.

आता सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा कॅटफिश. सकरबद्दल जरा जास्त बोलणार, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. टँक घेतला की दुकानात सांगतात, एक सकर टाका, घाण खातो. घाण कुठलाच मासा खात नाही हो! सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो, लाकूड कुरतडतो, उरलेलं खाणं खातो, आणि त्याच्या बदल्यात एवढी विष्ठा टाकतो की तुमचा फिल्टर दमतो. घाण काढायचं काम फिल्टरमधल्या जिवाणूंचं, आणि आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलणाऱ्या तुमच्या हातांचं. दोन इंचाचा म्हणून आणलेला साधा सकर फूट-दीड फूट होतो. त्याला वेगळं खाणं कुणी देत नाही, कारण तो सफाईवाला समजलेला असतो. मग हा उपाशी मासा रात्री ऑस्कर किंवा डिस्कस अशा सिक्लिडच्या अंगाला चिकटतो आणि त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. सकाळी ऑस्करच्या अंगावर पांढुरके चट्टे दिसतात, आपण म्हणतो रोग आला, औषध टाका. रोग नसतो, भूक असते.

म्हणून कॅटफिश ठेवायचा तर त्याचं ताट वेगळं. लाइट बंद झाल्यावर तळाला जाणारी गोळी टाका, सकरला काकडीचा किंवा दोडक्याचा काप दगडाला बांधून द्या. सिक्लिड दिवसा खातो आणि हावरट असतो, त्याला अंधार पडायच्या आधी भरपेट द्या, म्हणजे रात्रीचं खाणं कॅटफिशला मिळेल.

आता कुणाबरोबर कोण. ऑस्कर फूटभर होतो, आणि त्याचा एकच नियम, तोंडात मावेल ते खायचं. त्याच्या टँकमध्ये कॉरी सोडू नका. कॉरी म्हणजे कॉरिडोरस, दोन-अडीच इंचाचा, गोड मासा, पण घाबरला की पाठीवरचा आणि छातीकडचे दोन्ही काटे ताठ उभे करून लॉक करतो. ऑस्कर त्याला गिळतो, काटे घशात अडकतात, ना आत जातात ना बाहेर येतात, आणि दोन्ही मासे जातात. कॉरीचा हा काटा ॲमेझॉनमध्ये मोठ्या माशापासून वाचायसाठी आलाय, टँकमध्ये तोच दोघांचा जीव घेतो. ऑस्करबरोबर ठेवायचाच तर त्याच्या तोंडात न मावणारा, चांगला वाढलेला सकर ठेवा, आणि टँक चार फुटीच्या खाली नको. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी, ही सुरुवात समजा. उंचीपेक्षा रुंदीवर पैसे घाला, कारण तळ रुंदीनं वाढतो, उंचीनं नाही. उंच टँक हॉलमध्ये छान दिसतो पण तळावरच्या माशाला त्याचा काही उपयोग नाही.

कॉन्व्हिक्ट नावाचा काळ्या पट्ट्यांचा सिक्लिड असतो, मध्य अमेरिकेतला, चार-पाच इंचाचा, दिसायला गरीब. जोडी जमली आणि कपारीत अंडी घातली की तो अख्खा तळ साफ करतो. आणि कॉरीची अडचण अशी की त्याला पळून दूर राहायचं कळतच नाही, वाळू हुंगत हुंगत परत तिथंच जातो, परत मार खातो, आणि सिक्लिड त्याचे डोळे टोचतात. हे बघायला लई वाईट वाटतं. पण कॉन्व्हिक्टला पण दोष देता येत नाही, कारण कॅटफिश रात्री अंधारात खरोखरच अंडी खातो. आई-बापाला ते माहीत असल्यासारखंच ते वागतात.

फ्लॉवरहॉर्नबरोबर कॅटफिश चालेल का, असं मघाशी एका काकांनी विचारलं. काका, फ्लॉवरहॉर्न निसर्गात कुठंच नाही, मलेशियात नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या सिक्लिडचे संकर करून तो तयार केला. त्याला एकटाच ठेवा. त्याच्याबरोबर कुठला कॅटफिश टिकेल हे शोधायचं म्हणजे कुठल्यातरी कॅटफिशचा जीव पणाला लावायचा, ते नको.

आफ्रिकन सिक्लिड मात्र वेगळा विषय, आणि माझ्या आवडीचा. मलावी आणि टांगानिका या दोन तळ्यांचं पाणी अल्कधर्मी आणि क्षारांचं, टांगानिकाचा पीएच साधारण नऊच्या आसपास. तिथं ॲमेझॉनचा कॅटफिश आणून ठेवण्यापेक्षा आफ्रिकेचाच सिनोडोन्टिस ठेवा. अंगानं भरलेला, काटेरी, कपारीत उलटा चिकटून राहणारा, आणि मार खाऊन घेणारा नाही. दगड आपल्याकडं भरपूर, काळा बेसाल्ट घ्या, तो पाण्याचा गुण बदलत नाही. पण दगड वाळूवर रचू नका, आधी टँकच्या बुडाला बसवा आणि मग वाळू घाला, कारण सिक्लिड खालची वाळू उपसतात, दगड ढासळतो, आणि खाली नेमका कॅटफिश असतो. कपारी माशांपेक्षा जास्त असाव्यात. कुंभार गल्लीत तोंड फुटलेली मडकी मिळतात, रंग न दिलेली घ्या, धुऊन आडवी टाका, झक्कास घर होतं. पीव्हीसी पाइपचे तुकडे पण चालतात, तोंड एवढंच ठेवा की कॅटफिश आत जाईल आणि मोठा सिक्लिड जाणार नाही.

आणि कॅटफिश म्हणजे बिचारा, हा समज टांगानिकाचाच एक मासा मोडतो. सिनोडोन्टिस मल्टिपंक्टेटस, ठिपक्याठिपक्यांचा, याला कोकिळा कॅटफिश म्हणतात. तिथल्या काही सिक्लिड माद्या चिलापीसारखीच अंडी तोंडात उबवतात. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना हे कॅटफिश मधे घुसतात, अंडी खातात आणि स्वतःची तिथं सोडतात. मादी गडबडीत सगळीच उचलून तोंडात घेते. कॅटफिशची पिल्लं आधी बाहेर येतात आणि तिच्या तोंडातच तिची पिल्लं खाऊन वाढतात. आता सांगा, शांत कोण आणि तापट कोण?

एक विनंती, आणि ही मी अगदी मनापासून करतोय. सकर मोठा झाला, टँकमध्ये मावेना, म्हणून त्याला रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. आपल्याला वाटतं जीव वाचवला. केरळ, आंध्र, बंगाल, कितीतरी ठिकाणच्या पाण्यात हा सकर पसरलाय, काठ पोखरतो, जाळी फाडतो, आणि कठीण कवचामुळं त्याला कुणी खात नाही. आपल्याकडं पूर आला की तळं, ओढा, नदी सगळं एक होतं, एकदा सोडलेला मासा कुठंपर्यंत जाईल सांगता येत नाही. दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्या कुणाला द्या, नाहीतर पहिल्यापासून ॲन्सिस्ट्रस घ्या, मिशीवाला छोटा सकर, पाच-सहा इंचाच्या वर जात नाही.

कॅटफिश पकडताना जाळी वापरू नका, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात धरा आणि त्याला आत हाका. औषधाचं पण सांभाळा, सिनोडोन्टिससारख्या खवले नसलेल्या माशाला तांब्याचं औषध आणि मॅलॅकाइट ग्रीन लवकर बाधतं, बाटलीवरचा डोस सिक्लिडसाठी बरोबर असला तरी त्याच्यासाठी जास्त होऊ शकतो. असा मासा असेल तर आजारी सिक्लिड वेगळ्या टँकमध्ये काढून औषध द्या.

मागच्या रांगेतली ताई विचारतेय, दोन फुटी टँक हाय, त्यात काहीच जमणार नाही का. जमतंय की! सिक्लिड म्हणजे सगळे राक्षस नव्हेत. रॅम घे, ओरिनोकोच्या खोऱ्यातला, दोन इंचाचा, त्याची एक जोडी, आणि सहा कॉरी. कॉरी एकटा कधीच ठेवू नको, तो घोळक्यातच जगतो. तळाला बारीक वाळू घाल, टोकदार खडी नको, त्यानं कॉरीच्या मिशा झिजतात. रॅमला २७-२८ डिग्रीचं कोमट पाणी लागतं, म्हणून उष्णता सोसणारा स्टर्बाय कॉरी बघ, आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीत हीटर लावायलाच लागेल. कॉरी मधेच वर येऊन हवा गिळतो, घाबरू नकोस, तो आतड्यानं पण श्वास घेतो, सारखाच वर यायला लागला तर मात्र पाणी तपास. आणि दोन्ही मासे एकदम आणू नको. रॅम नव्या पाण्यात टिकत नाही, त्यामुळं फिल्टर नीट मुरला, म्हणजे त्यात जिवाणू बसले, की आधी कॉरी सोड, महिना-दीड महिना सगळा तळ त्यांना एकट्यांना फिरू दे, आणि मग रॅमची जोडी आण.